सोसायटीच्या सांडपाण्यावर बाग आणि रस्त्याकडेची झाडे: माहिती आणि अनुभव हवे आहेत

खाडीकाठ (ठाणे)

नमस्कार. आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत आहे. २४० सदनिका आणि साधारण नऊशे रहिवासी. पर्यावरण मंजुरीची अट म्हणून विकासकाने तळघरात सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे आपण सगळे ज्याला एसटीपी म्हणतो ते, बांधून दिले आहे. शौचालयांच्या फ्लशसाठी स्वतंत्र पाइपलाइन असून प्रक्रिया केलेले पाणी तिथे वापरले जाते. पोडियमवरच्या, म्हणजे वाहनतळाच्या छतावरच्या, बागेसाठीही याच पाण्याची लाइन टाकलेली आहे. परंतु एका उन्हाळ्यात त्या पाण्याला वास येऊ लागला, पालक मुलांना बागेत पाठवायला तयार होईनात, तेव्हा ती लाइन बंद केली गेली, ती आजतागायत बंदच आहे.

परिणाम असा झाला आहे की फ्लशला वापरून उरलेले पाणी रोज पावसाळी गटारातून खाडीला जाऊन मिळते, आणि एप्रिल-मे महिन्यांत नळाचे पाणी पुरत नाही म्हणून मागवलेल्या टँकरचे पाणी माळीबुवा नळीने हिरवळीवर सोडतात. कुंपणाबाहेर सेवा रस्त्याच्या कडेला लावलेली रोपे मात्र मे महिन्यापर्यंत वाळतात आणि दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत नवी रोपे लावली जातात. ठाणे शहराचे स्वतःचे धरण नाही. भातसा, उल्हास नदी आणि एमआयडीसीचे बारवी धरण अशा दूरच्या स्रोतांवर आपण अवलंबून आहोत. इतक्या लांबून आणलेले शुद्ध पाणी गवतावर घालायचे आणि बागेला चालणारे पाणी खाडीत सोडून द्यायचे, हे मला मनापासून खटकते.

येत्या सर्वसाधारण सभेत बागेची लाइन पुन्हा सुरू करण्याचा ठराव मांडायचा आहे. सभासद मुख्यतः तीन गोष्टी विचारतील. वास परत येणार नाही याची खात्री काय, मुलांच्या आरोग्याला धोका आहे का, आणि झाडांना हे पाणी मानवते का. कुंपणाबाहेरच्या झाडांपर्यंत पाणी पोहोचवण्याचा कोणाला अनुभव असल्यास तोही लिहावा.

---

जलनिर्मळ (ऐरोली)

खाडीकाठ, आपण विषय चांगला मांडला आहे. मी या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सभेत जाण्यापूर्वी पाण्याचा ताळेबंद मांडावा, कारण आकडे समोर असले की चर्चा भरकटत नाही. घरगुती वापरासाठी दर माणशी रोज १३५ लिटर पाणी धरण्याचा प्रघात आहे, त्यापैकी ४५ लिटर फ्लशचे. नऊशे माणसांचे सुमारे १,२१,५०० लिटर होतात. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येते, म्हणजे आपल्या एसटीपीत रोज ९७,००० लिटरच्या आसपास पाणी येत असणार. गाळाबरोबर जाणारे आणि फिल्टर उलटे धुण्यात खर्च होणारे पाणी वजा केले आणि फ्लशचे ४०,५०० लिटर बाजूला काढले, तरी ४५,००० लिटर सहज उरते. हिरवळीला आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात रोज चौरस मीटरमागे पाच लिटर पाणी लागते असे धरले आणि पोडियमची बाग २,००० चौरस मीटर असली, तर बागेची गरज १०,००० लिटर होते. ती भागवूनही ३५,००० लिटर शिल्लक राहते. रस्त्याकडेच्या कोवळ्या रोपाला आठवड्यातून दोनदा ३० लिटर पाणी दिले, तर या शिलकीवर चार हजार रोपे जगतात. आपल्या परिसरात इतके खड्डेसुद्धा नसतील. पाणी उपलब्ध आहे का हा प्रश्न येथेच संपतो. प्रत्यक्ष आकड्यांसाठी एसटीपीच्या आवक आणि जावक मीटरची नोंदवही पाहावी.

आता वासाविषयी. प्रक्रिया केलेल्या पाण्याला वास येतो तेव्हा दोष बहुतेक वेळा यंत्रणेचा नसून ती चालवण्याच्या पद्धतीचा असतो. एसटीपीतले काम जिवाणू करतात आणि त्यांना श्वसनासाठी अखंड प्राणवायू लागतो. तो ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारे यंत्र, पुरवतो. वीजबिल वाचवण्यासाठी रात्री ब्लोअर बंद ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. तसे केले की टाकीतला प्राणवायू संपतो, प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो या वायूचा. प्रक्रिया पुरी झालेले पाणीही साठवण टाकीत दोन-तीन दिवस पडून राहिले, तर उरल्यासुरल्या सेंद्रिय पदार्थांमुळे तोच प्रकार होतो. आपली बागेची लाइन एवढे दिवस बंद आहे म्हटल्यावर त्या पाइपात जुने पाणी कुजलेले असणार. लाइन सुरू करताना पहिले पाणी बागेत न सोडता मलनिस्सारण वाहिनीत काढून टाकावे.

ऑपरेटरला एक साधी चाचणी रोज करायला सांगावी. वायुविजन टाकीतले गढूळ पाणी एक लिटरच्या काचेच्या मोजपात्रात घ्यायचे आणि अर्धा तास हलवायचे नाही. यंत्रणा निरोगी असेल तर चॉकलेटी रंगाचे कण हळूहळू एकत्र येऊन खाली बसतात, तळाशी २५० ते ३५० मिलिलिटरवर रेघ ओढल्यासारखा थर दिसतो आणि वरचे पाणी नितळ होते. रंग काळपट असेल तर हवा कमी पडते आहे. थर सहाशेच्या वरच राहिला तर गाळ वेळेवर काढला जात नाही, किंवा तो फुगून हलका झाला आहे. आपली यंत्रणा एमबीबीआर पद्धतीची, म्हणजे प्लास्टिकच्या चकत्यांवर जिवाणू वाढवणारी असेल, तर खाली बसणारा थर मुळातच कमी असतो. त्या ठिकाणी वरच्या पाण्याचा नितळपणा आणि चकत्यांवरची तपकिरी साय पाहावी. सभासदांपैकी दोघा-तिघांनी तळघरात उतरून हे मोजपात्र एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तर सभेतला निम्मा विरोध मावळतो असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. कोणत्याही कारणासाठी, गाळ काढायला किंवा पंप सोडवायला, माणसाला टाकीत उतरवू नये. ठाण्यात अशा टाक्यांत उतरलेले कामगार विषारी वायूने गुदमरून दगावले आहेत. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला अशा ठिकाणी उतरवणे हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरीही ते अक्षम्यच होते.

---

बहावा (कोपरी)

मी उद्यानकामात आहे, म्हणून झाडांच्या बाजूने लिहिते.

हे पाणी झाडांना मानवते, परंतु ते नळाच्या पाण्यासारखे नाही हे लक्षात ठेवून द्यावे लागते. आंघोळ, कपडे आणि भांडी यांतून साबणाचे व डिटर्जंटचे क्षार पाण्यात येतात आणि एसटीपी ते काढत नाही. जिवाणू सेंद्रिय घाण खातात, विरघळलेले मीठ खात नाहीत. त्यामुळे प्रक्रिया केलेल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण, नळाच्या पाण्यापेक्षा लिटरमागे दोनशे ते चारशे मिलिग्रॅमनी अधिक असतो. सिंचनासाठी ४५० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत कसलीच अडचण नसते आणि त्यापुढे काळजी घ्यावी लागते, असे अन्न व कृषी संघटनेचे मार्गदर्शन आहे. आपले धरणाचे पाणी मुळात हलके असल्यामुळे बहुतेक इमारतींचे पाणी या रेषेच्या आसपास राहते. ज्या सोसायट्या बोअरवेलचे खारट पाणी मिसळतात, त्यांची गोष्ट वेगळी.

क्षारांपैकी सोडियमवर विशेष लक्ष ठेवावे. सोडियम वाढले की चिकण मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, मातीची छिद्रे बुजतात, वर पाणी साचते आणि खाली मुळे कोरडी राहतात. पोडियमवर हे लवकर घडते, कारण तिथे मातीचा थर जेमतेम दीड-दोन फूट असतो आणि खाली स्लॅब. वाफ्याच्या कडेला पांढरी पापडी दिसली, पानांची टोके करपली, तर तेच कारण समजावे. उपाय अवघड नाही. रोज थोडे थोडे शिंपडण्याऐवजी एक-दोन दिवसांआड भरपूर पाणी द्यावे, म्हणजे क्षार मुळांच्या खाली धुपून निचऱ्याच्या पाइपातून निघून जातात. माती परीक्षणात सोडियम जास्त आढळल्यास जिप्सम हे कॅल्शियमयुक्त खनिज मिसळावे. शिवाय कोकणचा पाऊस आपल्या बाजूने आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि वर्षभराचे साठलेले क्षार बव्हंशी धुऊन नेतो. कमी पावसाच्या प्रदेशात जो त्रास कायमचा होऊन बसतो, तो आपल्याकडे दर वर्षी मिटतो. मात्र त्यासाठी पोडियमचा निचरा मोकळा हवा, आणि तोच अनेक सोसायट्यांत पाचोळ्याने तुंबलेला असतो.

खताविषयी सहसा कोणी बोलत नाही. या पाण्यात नत्र आणि स्फुरद असते. समजा नत्र लिटरमागे १५ मिलिग्रॅम आहे. पावसाळा सोडून आठ महिने रोज चौरस मीटरला पाच लिटर पाणी दिले, तर १,२०० लिटर पाण्यातून १८ ग्रॅम नत्र जाते. हिरवळीला वर्षाकाठी लागणारे बहुतेक नत्र यातच आले. तरीही माळ्याने सवयीने युरिया टाकला, तर गवत भसाभस वाढते, बुरशी येते आणि कापणीचा खर्च चढतो. प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला की तो कार्यकारिणीच्या फायलीत न ठेवता माळीबुवांना समजावून सांगावा.

कण्हेर, बोगनवेल, करंज, कडुलिंब, सोनमोहर, नारळ यांना हे पाणी चांगले चालते. गुलाब आणि नेचे नाजूक असतात, त्यांना साठवलेले पावसाचे किंवा नळाचे पाणी द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्या, कोथिंबीर, पुदिना या पाण्यावर अजिबात घेऊ नये.

आणि एक आग्रहाची विनंती. पाणी मुबलक आहे म्हणून हिरवळ वाढवू नये. बागेतले सर्वांत तहानलेले आणि सावली न देणारे पीक म्हणजे हिरवळ. तेच पाणी रस्त्याकडेच्या रोपांना पहिली तीन वर्षे दिले, तर पुढे त्या झाडांना कोणाच्याच पाण्याची गरज राहत नाही. बहावा, पळस, ताम्हण यांसारखी आपली झाडे एकदा मुळावली की उन्हाळ्यातला ताण सहन करतात. त्यांना बारा महिने ओलसर ठेवले तर पाला माजतो आणि बहर कमी येतो.

---

सूक्ष्मदर्शी (वाशी)

आरोग्याच्या प्रश्नाचे उत्तर "धोका नाही" असे देऊ नये. "धोका कुठे आहे आणि तो कसा रोखला आहे" असे द्यावे.

स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही निर्जंतुकीकरणाआधी आतड्यातले जिवाणू लाखांनी असू शकतात. सोडियम हायपोक्लोराइट हे क्लोरीनयुक्त जंतुनाशक मिसळल्यानंतर पाणी किमान अर्धा तास टाकीत राहिले पाहिजे आणि शेवटी लिटरमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसले पाहिजे. एवढ्या क्लोरीनने झाडांना इजा होत नाही. अतिनील दिवा बसवलेला असेल, तर तो पाणी नितळ असतानाच काम करतो. गढूळ पाण्यात कणांच्या सावलीत जंतू वाचतात. जंतांच्या अंड्यांवर क्लोरीनचा फारसा परिणाम होत नाही. ती निवळण टाकीत आणि वाळूच्या फिल्टरमध्येच अडकतात, म्हणून फिल्टर वेळच्या वेळी उलटे धुणे ही आरोग्याचीच बाब आहे.

पाणी देण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची. तुषार सिंचनाने सूक्ष्म थेंब हवेत उडतात आणि श्वासावाटे आत जातात. त्यामुळे मुले खेळतात त्या भागात तुषार वापरू नयेत. ठिबक किंवा जमिनीखालून दिलेले पाणी सर्वांत सुरक्षित. मुलांच्या हिरवळीला रात्री उशिरा पाणी द्यावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पृष्ठभाग सुकतो आणि उरलेले जंतू उन्हाने मरतात. माळ्याला हातमोजे, गमबूट आणि हात धुण्याची सोय हवी. त्याचा संपर्क सर्वांत जास्त असतो आणि त्याची चौकशी सर्वांत कमी होते.

सर्वांत गंभीर धोका बागेत नसून पाइपांच्या जोडणीत असतो. प्लंबरने घाईत फ्लशची लाइन पिण्याच्या लाइनला जोडली, तर संपूर्ण इमारत आजारी पडू शकते. फ्लशच्या टाकीत नळाचे पाणी पूरक म्हणून सोडत असल्यास त्या पाइपाचे तोंड टाकीच्या ओसंडण्याच्या पातळीच्या वर, हवेत मोकळे असले पाहिजे. ते पाण्यात बुडालेले नसावे. वर्षातून एकदा प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या टाकीत खाद्यरंग टाकून कोणाच्या स्वयंपाकघरात रंगीत पाणी येते का, हे तपासावे. बागेतल्या प्रत्येक नळावर "हे पाणी पिण्यायोग्य नाही" अशी पाटी आणि चावीने उघडणारी तोटी असावी.

---

नेरुळवासी (नेरुळ)

आमची इमारत सिडकोच्या काळातली, चार मजली, वीस सदनिकांची. एसटीपी नाही आणि तेवढी ऐपतही नाही. आवारात तीसेक झाडे आणि छोटी बाग आहे. आमच्यासारख्यांनी काय करावे?

---

जलनिर्मळ

नेरुळवासी, आपल्यासारख्या जुन्या इमारतींना एक फायदा आहे. त्यांपैकी अनेकींमध्ये शौचालयाचा उभा पाइप वेगळा आणि न्हाणीघराचा वेगळा असतो. इमारतीच्या मागच्या बाजूला उभे राहून पाहावे. एक जाड पाइप थेट चेंबरमध्ये जातो, तो मैल्याचा. दुसरा खाली येऊन गल्ली ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीलगतच्या जाळीच्या कुंडीत, पडतो, तो आंघोळीच्या आणि धुण्याच्या पाण्याचा. हे दुसरे पाणी तुलनेने स्वच्छ असते आणि वेगळे काढणे सोपे असते. नव्या इमारतींत सगळे पाणी एकाच पाइपात येत असल्यामुळे ही सोय राहिलेली नाही. स्वयंपाकघरातले मोरीचे पाणी मात्र यात घेऊ नये, कारण तेल आणि अन्नकण मिसळले की सारेच अवघड होते.

या पाण्यासाठी खडीचा वाफा करता येतो. साधारण ६० सेंटिमीटर खोल, तळ आणि बाजू गळतीबंद, आत खडी आणि तिच्यात कर्दळ, वाळा किंवा पाणकणीस. पाणी एका टोकाने शिरते, खडीच्या पृष्ठभागाखालूनच वाहते आणि दुसऱ्या टोकाला निघते. मुळांभोवती आणि खडीवर वाढणारे जिवाणू ते स्वच्छ करतात. पाणी उघडे दिसत नसल्यामुळे डास होत नाहीत, आणि ब्लोअर नसल्यामुळे वीज लागते ती केवळ शेवटच्या पंपापुरती. याच धर्तीवर नागपूरच्या नीरी या संस्थेने फायटोरिड नावाचे तंत्र विकसित केले आहे.

आपल्याला रोज ३,००० लिटर पुरेसे आहे असे धरू. पाणी वाफ्यात दोन दिवस राहायला हवे, म्हणजे ६,००० लिटरची जागा. खडीत सुमारे ४० टक्के पोकळी असते, म्हणून ६० सेंटिमीटर खोलीच्या एका चौरस मीटरमध्ये २४० लिटर पाणी मावते. त्या हिशेबाने २५ चौरस मीटरचा वाफा लागेल. वाफ्याआधी कचरा आणि केस अडवणारी जाळी आणि लहान निवळण टाकी हवी. जाळी दर आठवड्याला साफ करण्याची जबाबदारी कोणावर आहे ते आधीच ठरवावे. हे वाफे निकामी होतात ते बहुधा जाळीकडे दुर्लक्ष झाल्यानेच.

---

नेरुळवासी

मनःपूर्वक आभार. पाइपांची रचना आपण लिहिली तशीच आहे, आत्ताच खाली जाऊन पाहून आलो. २५ चौरस मीटर म्हणजे दोन गाड्यांच्या पार्किंगची जागा होते. आमच्याकडे पार्किंगवरूनच सर्वाधिक वाद होतात, त्यामुळे ही मागणी मान्य होणे कठीण आहे. कुंपणालगत दीड मीटर रुंदीची लांब पट्टी मोकळी आहे, तिथे हा वाफा लांबट करता येईल का?

---

जलनिर्मळ

करता येईल, किंबहुना लांबट आकार अधिक चांगला, कारण पाणी मध्येच आखूड वाट धरत नाही. दीड मीटर रुंदीला १७ मीटर लांबी पुरते. कुंपणाच्या पायाशी गळती होणार नाही याची काळजी घ्यावी, आणि पावसाळ्यात आवारातले पाणी वाफ्यात शिरू नये म्हणून कडा जमिनीपेक्षा वीत-दीड वीत उंच ठेवाव्यात. काम सुरू करण्यापूर्वी महापालिकेच्या विभाग कार्यालयाला कळवावे.

---

हिशेबनीस (बेलापूर)

मी आमच्या सोसायटीचा खजिनदार म्हणून काम पाहतो, त्यामुळे पैशांच्या बाजूने लिहितो. वर जलनिर्मळ यांनी बागेची गरज १०,००० लिटर काढली आहे. साधारण मोठ्या टँकरची क्षमता तेवढीच असते. म्हणजे उन्हाळ्यात बागेची लाइन बंद असल्यामुळे खाडीकाठ यांची सोसायटी रोज एक टँकर गवतावर ओतते आहे. ब्लोअर रात्री बंद ठेवून वाचणारी वीज आणि रोजच्या टँकरची पावती हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहून सभेपुढे ठेवावेत. आमच्याकडे ठराव याच एका तक्त्यावर मंजूर झाला.

देखभालीच्या करारातली एक उणीव सर्वांनी तपासून पाहावी. बहुतेक करारांत ऑपरेटरची जबाबदारी "यंत्रणा चालू ठेवणे" एवढीच लिहिलेली असते. बाहेर पडणारे पाणी कसे असावे याबद्दल एक शब्दही नसतो. आमच्या आधीच्या कंत्राटदाराचे ब्लोअर रोज चालू असत आणि पाणी मात्र काळे येई, तरी करारानुसार त्याला जाब विचारता येत नव्हता. नव्या करारात आम्ही बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप) १० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत, पाणी वासरहित आणि शिल्लक क्लोरीनची रोजची नोंद, अशा अटी घातल्या. नमुना सोसायटीचा प्रतिनिधी स्वतः घेतो आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत सोसायटीच पाठवते. देयकाचा काही भाग त्या अहवालाशी जोडलेला आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात आपल्या सोसायटीसाठी कोणती मर्यादा लिहिली आहे ते पाहून त्याप्रमाणे आकडा घालावा.

नवी मुंबईपुरते सांगायचे तर आम्ही पाण्याच्या बाबतीत नशीबवान आहोत. मोरबे धरण महापालिकेच्या मालकीचे आहे. तरीही महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोली येथे रोज प्रत्येकी दोन कोटी लिटर क्षमतेचे तृतीय स्तरावरील, म्हणजे प्रक्रिया झालेले पाणी आणखी शुद्ध करणारे, प्रकल्प उभारले, जेणेकरून ते पाणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या उद्योगांना देता यावे. स्वतःचे धरण असलेले शहर जर हा विचार करते, तर टँकरवर उन्हाळा काढणाऱ्या सोसायट्यांनी तो कधीच करायला हवा होता. बंगळूरुने मार्च २०२४ मध्ये टंचाई आल्यावर बागेला आणि गाड्या धुण्याला पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी करून ५,००० रुपये दंड ठेवला. आपल्यावर तशी वेळ येण्याआधी व्यवस्था लागलेली बरी.

---

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात कार्यकारिणीतले आम्ही तिघे ऑपरेटरबरोबर तळघरात गेलो. मोजपात्रातला थर काळपट होता आणि अर्ध्या तासानंतरही वरचे पाणी गढूळच राहिले. विचारल्यावर कळले की ब्लोअर रात्री दहा ते सकाळी सहा बंद असतात, आणि तशी तोंडी सूचना पूर्वीच्या कार्यकारिणीनेच दिली होती. ब्लोअर आता चोवीस तास पाळीपाळीने चालू ठेवले आहेत. साठवण टाकीत पाणी फिरते राहावे म्हणून एक लहान पंप बसवला. काल पाहिले तेव्हा रंग तपकिरी झाला होता आणि तळघरातला वास स्पष्टपणे कमी जाणवला. प्रयोगशाळेचा अहवाल यायचा आहे.

आता कुंपणाबाहेरच्या रोपांविषयी विचारतो. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे पत्र दिले आहे. सेवा रस्त्याच्या कडेने ठिबकची नळी टाकावी की टाकीची हातगाडी करून माळ्याने पाणी द्यावे?

---

बहावा

पदपथावर उघडी ठिबक नळी टिकत नाही. खोदकामात तुटते, कोणी उचलूनही नेते. शिवाय या पाण्यातले सूक्ष्म कण ठिबकची तोंडे बुजवतात. पोडियमवर ठिबक करताना १२० मेशचा डिस्क फिल्टर (बारीक कण अडवणारी चकत्यांची गाळणी) बसवून तो नियमित धुवावा लागेल. बाहेर मात्र मी कुंपणाच्या आतून लाइन नेऊन दर वीस-पंचवीस मीटरवर चावीची तोटी काढण्याचा सल्ला देईन. तिथून आखूड नळीने प्रत्येक आळ्यात पाणी देता येते.

आळ्यांची स्थिती आधी सुधारावी. पदपथाचे ब्लॉक बुंध्यापर्यंत भिडवलेले असतील, तर कितीही पाणी घातले तरी ते वरून वाहून जाते. उद्यान विभागाच्या परवानगीने बुंध्याभोवती निदान एक मीटरचा चौकोन मोकळा करून घ्यावा, माती भुसभुशीत करावी, बागेतला वाळलेला पाचोळा चार बोटे जाडीने पसरावा आणि मग पाणी द्यावे. आच्छादनामुळे बाष्पीभवन घटते, शिवाय पाणी पाचोळ्याखाली राहिल्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांचा त्याच्याशी संपर्क येत नाही. आठवड्यातून दोनदा सावकाश तीस लिटर. खोडाला चिकटून नव्हे, आळ्याच्या कडेने, म्हणजे मुळे बाहेरच्या बाजूला पसरतात.

---

सूक्ष्मदर्शी

बाहेरच्या तोट्यांना चावी हवीच. पदपथावर तहानलेला माणूस तिथे ओंजळ धरू शकतो, आणि पाटी प्रत्येकाला वाचता येईलच असे नाही. पाटीवर नळावर फुली मारलेले चित्रही काढावे.

---

खाडीकाठ

हे सर्व ठरावाच्या मसुद्यात घेतो. एक शेवटचा प्रश्न. पावसाळ्यात बागेला पाणी लागणार नाही. त्या चार महिन्यांत उरलेल्या पाण्याचे काय करावे? आत्ता ते पावसाळी गटारात जाते आणि खाडीत उतरते. ठाणे खाडीच्या रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे, आणि आपणच तिच्यात अर्धवट स्वच्छ पाणी सोडतो याची मला फार खंत वाटते.

---

जलनिर्मळ

पावसाळी गटाराची जोडणी सर्वप्रथम बंद करावी. ते गटार पावसाच्या पाण्यासाठी आहे आणि तिथे गेलेले पाणी कोणत्याही प्रक्रियेविना थेट खाडीत जाते. एसटीपीचे जादा पाणी महापालिकेच्या मलनिस्सारण वाहिनीत सोडण्यासाठी रीतसर अर्ज करून जोडणी घ्यावी. आपल्या रस्त्यावर वाहिनी आहे का, हे प्रभाग कार्यालयात नकाशावर पाहता येईल. पावसाळ्यात बागेच्या लाइनची झडप बंद करून तिच्यावर चिठ्ठी लावावी, ब्लोअर मात्र चालूच ठेवावेत. बाग थांबली म्हणून एसटीपी ढिला सोडला, तर ऑक्टोबरच्या उन्हात पाणी पुन्हा सुरू करताना जिवाणू नव्याने वाढवण्यात दोन-तीन आठवडे जातात आणि नेमक्या त्याच वेळी वासाच्या तक्रारी येतात. तळमजल्याची फरशी आणि वाहनतळ धुण्यासाठी हे पाणी बाराही महिने वापरता येते. शेजारच्या आवारात बांधकाम सुरू असल्यास त्यांच्याशी बोलून पाहावे. धूळ बसवण्यासाठी आणि टायर धुण्यासाठी त्यांना पावसाच्या उघडिपीतही पाणी लागते. पाणी देण्यापूर्वी संमतीपत्रातल्या अटी तपासाव्यात आणि दिलेल्या प्रत्येक खेपेची मीटरसह नोंद ठेवावी. अहवाल आला की बीओडी, टीडीएस आणि सोडियमचे आकडे येथे लिहा, म्हणजे बहावा यांना जिप्समचे प्रमाण सांगता येईल.